भोपळा, आधी आणि नंतर

भोपळा फुटला तेव्हा पॉलिशवाल्यानं त्याला फक्त पुसलं होतं. पाडला नव्हता, आपटला नव्हता, साधी टिचकीसुद्धा मारली नव्हती. मऊ सुती फडकं, त्यावर तेलाचे दोन थेंब, आणि देठापासून खालपर्यंत एकच हलका हात. तेवढ्यात आतून कुणी दार उघडावं तसा 'कर्र' आवाज झाला, आणि अडतीस किलोचा तो केशरी ऐवज मधोमध दोन फाका होऊन कामाच्या टेबलावर उताणा पडला. बिया घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत गेल्या.

पॉलिशवाला बराच वेळ हातातल्या फडक्याकडं बघत राहिला. वीस वर्षं तो मोडक्या खुर्च्या, तडकलेली कपाटं आणि लंगडे पलंग दुरुस्त करत आला होता. मोडकी वस्तू आत यायची आणि धड होऊन बाहेर जायची. धड आलेली वस्तू आत येऊन मोडण्याची ही पहिलीच खेप. आणि वस्तू तरी कुणाची? सासरेबुवांची!

सासरेबुवा जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. जावई त्यांनी पहिल्या दिवशीच नजरेनं मोजला होता आणि तो कमी भरला होता. तेव्हापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आणि भोपळे सासरेबुवांकडं असल्यामुळं विळा कोण हे वेगळं सांगायला नको. निवृत्तीनंतर त्यांनी सगळा जीव भोपळ्यावर लावला. दरवर्षीच्या भाजीपाला प्रदर्शनात ते भोपळा ठेवायचे आणि दरवर्षी दुसरे यायचे. पहिला यायचा एक पोस्टमन. सलग नऊ वर्षं. हा पोस्टमन पत्र टाकायला आला की सासरेबुवा दारामागं उभे राहायचे, पण दार उघडायचे नाहीत.

आणि हेच सासरेबुवा त्या सकाळी, म्हणजे शनिवारी, जाड चादरीत गुंडाळलेला भोपळा रिक्षातून घेऊन जावयाच्या दुकानात हजर झाले होते.

"हा तुमच्याकडं ठेवतोय," ते म्हणाले.

"माझ्याकडं?"

"उद्या चारला प्रदर्शन आहे. तोवर याला जरा तुकतुकी आणा. हात हलका ठेवा."

"अहो बाबा, पण तुम्ही तर मला बागेत पाऊलसुद्धा टाकू देत नाही."

"ते सोडा हो. तुमच्याइतका विश्वासाचा माणूस मला तरी दुसरा दिसत नाही."

वीस वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. ऐकता ऐकता तो मागच्या खुर्चीत बसला. खुर्चीचा सरस ओला होता, हे त्यालाच सगळ्यांत आधी ठाऊक. तरी तो बसला. सासरेबुवा गेल्यावर उठताना खुर्चीही बरोबर उठली, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

आता त्याच विश्वासाच्या दोन फाका टेबलावर पडल्या होत्या.

माणूस घाबरला की हातांना सवयीचं काम लागतं. डॉक्टर आधी नाडी बघतो, तसा पॉलिशवाला कुठल्याही दुरुस्तीआधी फोटो काढायचा. त्यानं फोन काढला आणि फुटक्या भोपळ्याचा फोटो घेतला. मग बाह्या सरसावल्या. आतला गर काढून टाकला, कडा वाळवल्या, आतून पातळ लाकडाच्या कमानी बसवल्या, खुंट्या ठोकल्या, सरस लावला, दोरीनं आवळून धरलं. फटीत बारीक भुसा आणि केशरी रंग भरला, वरून लाखेच्या पॉलिशचे तीन हात. तीन वाजता दोरी सोडली तेव्हा त्याला स्वतःलाच जोड सापडेना. भिंग लावून शोधला तरी सापडेना. भोपळा सकाळपेक्षा देखणा दिसत होता. त्यानं समाधानाचा श्वास सोडला आणि सवयीनं दुसरा फोटो काढला.

इथं सगळा घोटाळा झाला.

त्यामागं थोडी हकीकत आहे. दोन वर्षांपूर्वी एका बड्या कंपनीच्या ॲपवर त्यानं एका आरामखुर्चीच्या मागच्या पायांचा फोटो टाकला होता. वळण सुरेख, पॉलिश नितळ. कंपनीच्या यंत्राला ते पाय भलत्याच कुणाचे वाटले आणि फोटो असभ्य ठरवून त्याचं खातं बंद झालं. सहाशे खुर्च्या-टेबलांचे फोटो एका रात्रीत गडप. त्यानं तक्रार केली तर तक्रार वाचायलाही तेच यंत्र.

त्याची बायको ग्रंथपाल. हरवलेली गोष्ट तिला खपत नाही. तिनं त्याला नव्या पद्धतीच्या चार ॲपवर नेलं, ज्यांना मालकच नसतो. फोटो कुठल्या कंपनीकडं नसतातच. एक प्रत आपल्या घरातल्या डब्यासारख्या यंत्रात, आणि बाकीच्या प्रती निरनिराळ्या हौशी माणसांच्या सर्व्हरवर. त्यांना म्हणायचं राखणदार. फोटो एकदाच ठेवायचा. चारही ॲप तिथून उचलून दाखवतात. बायकोनं आणखी एक सोय केली होती. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो झाले की फोन त्यांची आपसूक जोडी लावायचा, खाली "मोडलेलं काहीही आणा, जोड दिसणार नाही" असं लिहायचा आणि सगळीकडं टाकून मोकळा व्हायचा.

"आता तुमचा फोटो कुणीही काढून टाकू शकणार नाही," ती तेव्हा म्हणाली होती.

"कुणीही?"

"तुम्हीसुद्धा नाही!"

हे ऐकून त्या दिवशी तो आनंदानं शीळ घालत झोपला होता.

तीन वाजून चार मिनिटांनी बायकोचा ग्रंथालयातून फोन आला. ग्रंथालयात बोलायला बंदी, म्हणून ती कुजबुजत ओरडत होती.

"अहो, हे काय टाकलंत?"

"काय टाकलं?"

"बाबांचा भोपळा! आधी फुटका, नंतर धड. खाली तुमचा नंबर!"

पॉलिशवाल्यानं खाली बसायला जागा शोधली. "चारही ठिकाणी?"

"चारही. आणि चौथं ॲप कुठलं आहे आठवतंय? मळेवाल्यांचं. बागेतल्या बाकांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून तुम्हीच घ्यायला लावलंत. बाबा तिथंच असतात."

"बाबा संध्याकाळी सातला बघतात ना? झाडांना पाणी घालून झालं की?"

"हो. म्हणजे तुमच्याकडं चार तास आहेत. आपल्या घरच्या यंत्रातली प्रत मी आत्ता इथूनच पुसते. राखणदार दोनच, आणि दोघंही गावातच आहेत. एक दातांचे डॉक्टर, दुसऱ्या तुमच्या शाळेतल्या बाई. त्यांच्याकडं स्वतः जा."

"फोन करून नाही चालणार?"

"अहो, फोनवर तुम्हाला कोण ओळखणार? तोंड दाखवा. रडवेलं दाखवा."

तोंड त्या कामाला तयारच होतं. तो स्कूटरवर बसला.

दातांच्या डॉक्टरांनी सर्व्हर दवाखान्यातच ठेवला होता, क्ष-किरणांच्या यंत्राशेजारी. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आ वासून पडले होते. डॉक्टर त्यांच्या तोंडात दिवा धरून पॉलिशवाल्याचं ऐकत होते.

"म्हणजे काढायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुळासकट, डॉक्टरसाहेब."

"अहो, काढणं हाच माझा धंदा. बघू तरी कुठला?" त्यांनी फोटो मोठा करून भिंतीवरच्या पडद्यावर घेतला. "अरे वा! हे काम तुम्ही केलंत? फट कशानं भरली?"

"लाकडाचा भुसा, सरस आणि—"

"आं आ आं!" खुर्चीतले गृहस्थ म्हणाले.

"तेसुद्धा म्हणतायत, झकास काम आहे," डॉक्टरांनी भाषांतर केलं. "यांचीही दाढ अशीच भरता आली तर? बरं, राहू द्या. हा घ्या, काढला."

त्यांनी बटण दाबलं आणि फोटो गेला. पॉलिशवाला त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिला. तो जिन्यात पोचला तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, किती ठिकाणचा काढलात?"

"तुझा धरून दोन. आता फक्त बाईंकडचा उरला!"

"उरले सहा."

"सहा? अगं, तिनातून दोन गेले तर—"

"तसं नाही हो हे. एका राखणदारानं फोटो काढला की बाकी सगळ्यांना आपोआप सूचना जाते. 'या चित्राचा एक राखणदार कमी झाला आहे. चित्र नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. मदत करा.' मग दयाळू लोक धावतात. आपण दोघांनी काढला म्हणून पाच जणांनी ठेवून घेतला."

"कशाला पण?"

"चांगुलपणा म्हणून! त्यात कुणी 'एक हितचिंतक' आहे. तो तर फोटोखालचं बटण दाबून दाबून नवनव्या राखणदारांना प्रत देत सुटलाय. दर पाच मिनिटांनी एक."

"कोण मेला हा हितचिंतक?"

"नाव-गाव नाही. अहो, पण तुमचं कौतुक फार चाललंय. नऊशे लोकांनी पसंत केलाय."

"नऊशे?" पॉलिशवाला जिन्यातच थांबला. आजवरचा त्याचा उच्चांक अकरा होता, त्यातही एक तो स्वतः. "काय म्हणतायत?"

"एकानं लिहिलंय, 'जोड शोधणाऱ्याला माझ्याकडून शाबासकी.' दुसरा म्हणतो, 'हा माणूस आमच्या घरची भांडणंसुद्धा जोडेल.'"

"अजून?"

"अहो, साडेचार वाजले!"

बाईंचं घर शाळेच्या मागं होतं. त्यांनी त्याला चौथीत शिकवलं होतं आणि अजून शिकवणं थांबवलं नव्हतं. त्यांचा सर्व्हर फडताळात पुस्तकांच्या मागं गुणगुणत होता. दोनशे चौदा सभासद, लेखी नियमावली आणि दारावर वेळापत्रक.

"तोंडी काही चालत नाही," बाई म्हणाल्या. "अर्ज लिही. समास सोड."

त्यानं समास सोडून लिहिलं की, सदर भोपळा माझ्या हातून फुटलेला असून तो माझ्या सासऱ्यांचा आहे, आणि ही गोष्ट त्यांच्यापासून लपवणे माझ्या संसाराच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे, तरी फोटो काढून टाकावा ही नम्र विनंती.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "अक्षर सुधारलंय तुझं. छान. आता हा सभासदांपुढं ठेवते."

"म्हणजे?"

"आमच्याकडं एकट्याच्या मर्जीनं काही होत नाही बाळ. मतदान होतं. अर्ज आणि फोटो दोन्ही सगळ्यांना पाठवायचं, म्हणजे कशाबद्दल मत देतोय ते कळतं."

"बाई, नका हो पाठवू! लोकांनी बघू नये म्हणूनच तर काढायचाय!"

"न बघता मत द्यायचं? हेच शिकवलं का मी तुला?"

तो तोंड उघडेपर्यंत फोटो आणि अर्ज दोनशे चौदा घरांत पोचले होते. अर्ध्या तासात निकाल आला. ठेवावा, दोनशे तेरा. काढावा, एक. ते एक मत बाईंचंच. त्यांचं बोट चुकून दुसऱ्या बटणावर पडलं होतं आणि त्याबद्दल त्या नंतर फार हळहळल्या. शिवाय एका सभासदानं सूचना मांडली की, अर्जाचं अक्षर सुरेख असल्यामुळं तोही फोटोशेजारी कायम जतन करावा. ती टाळ्यांनी मंजूर झाली.

सहा वाजता प्रती सव्वीस होत्या. साडेसहाला एकतीस. त्यातल्या निम्म्याहून अधिक हितचिंतकानं दिलेल्या. पॉलिशवाल्यानं लांबच्या देशातल्या एका सर्व्हरवाल्याला फोनवरून निरोप पाठवून फोटो काढायला लावला, तर हितचिंतकानं तिथल्याच शेजाऱ्याला प्रत दिली. जणू कुणी त्याच्या मागावरच होतं.

सातला पाच मिनिटं असताना पॉलिशवाला आणि त्याची बायको धापा टाकत सासरेबुवांच्या घरी पोचले. बेत असा होता की त्यांना बोलण्यात गुंतवायचं आणि फोन हाती येऊ द्यायचा नाही. सासरेबुवा आरामखुर्चीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडले होते.

"बाबा, काय झालं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही गं. डोळे चुरचुरतायत. आज फोनबिन काही नको."

पॉलिशवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. "अगदी बरोबर बाबा! फोन फार वाईट. दोन दिवस तरी बघू नका."

"भोपळा कसा आहे?"

"ठणठणीत!"

"सांभाळा बरं," सासरेबुवा रुमालाखालून म्हणाले. "सगळा भरवसा तुमच्यावर."

परतीच्या वाटेत पॉलिशवाला बायकोला म्हणाला, "मी सांगूनच टाकतो त्यांना. एवढा विश्वास टाकलाय माणसानं."

"प्रदर्शन होऊ द्या आधी," बायको म्हणाली. "नऊ वर्षं वाट बघतायत ते. एक दिवस त्यांना सुखाचा मिळू द्या."

रविवारी सकाळी सातला दुकानाचं कुलूप उघडायला तो गेला, तर बाहेर रांग. अकरा माणसं, आणि प्रत्येकाजवळ चादरीत, शालीत किंवा जुन्या कोटात गुंडाळलेलं काहीतरी गोल. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. गुप्तरोगाच्या दवाखान्याबाहेरसुद्धा लोक यापेक्षा मोकळेपणानं बसतात.

पहिलं गिऱ्हाईक कानाशी येऊन म्हणालं, "तुमचा फोटो पाहिला. आमचा काल गाडीतून उतरवताना... म्हणजे माझा नाही, चुलत भावाचा आहे."

"माझा शेजाऱ्याचा आहे," दुसरा लगेच म्हणाला.

"माझा माझाच आहे," तिसरा म्हणाला. तो खरा धीराचा. "बायकोनं त्यावर इस्त्री पाडली. चारपर्यंत होईल का?"

चादरी उघडल्या. अकराच्या अकरा भोपळे! कुणी तडकलेला, कुणी चेपलेला, एकाचा देठच वेगळ्या डब्यात. गावातले यच्चयावत स्पर्धक आले होते. नव्हता फक्त पोस्टमन. त्याच्याकडं फोन होता, पण तो नुसता वाजायचा; त्यात काही दिसत नसे.

पॉलिशवाल्याला नाही म्हणता येईना. उद्या यांच्यातलाच कुणी सासरेबुवांच्या कानाला लागला तर? पण ज्याचा भोपळा त्याच्याच दुकानात जोडला गेला, तो कशाला तोंड उघडेल? त्यानं दोऱ्या काढल्या, सरस कढत ठेवला आणि कामाला भिडला. अकरा प्रतिस्पर्धी गुडघ्यांत भोपळे आवळून ओळीनं बसले. हळूहळू एकमेकांशी बोलायला लागले. कुणी कुणाची कमान धरली, कुणी कुणाला भुसा चाळून दिला.

साडेदहाला दारात सावली पडली. सासरेबुवा!

दुकानात चिडीचूप झालं. अकरा जणांनी एकदम आपापल्या भोपळ्यावर चादर ओढली आणि एकदम छताकडं बघायला लागले. पॉलिशवाल्याच्या हातातला कुंचला तिथंच थबकला.

"बाबा, मी... मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. "काल तुमचा भोपळा—"

"अहो, थांबा तुम्ही!" सासरेबुवा कडाडले. त्यांचे डोळे लालबुंद होते. "काल दुपारपासून मी एकीकडं ठेवतोय आणि तुम्ही दुसरीकडं पुसताय! दमलो ना मी! माणसानं किती बटणं दाबायची?"

दुकानात कुणाचा तरी सरस पाटावर ठिबकला. तेवढाच आवाज.

"म्हणजे... हितचिंतक तुम्ही?"

सासरेबुवांच्या लक्षात आलं की आपण नको ते बोलून बसलो. त्यांनी खुर्ची ओढली, सरस ओला नाही ना हे बोटानं तपासलं आणि बसले.

"तुम्ही फोटो बघितलात?" पॉलिशवाल्यानं विचारलं.

"तीन वाजून एक मिनिटानं."

"आणि मला काही बोलला नाहीत? रागावला नाहीत?"

"कशाला रागावू? बरं वाटलं मला."

"बरं वाटलं?"

सासरेबुवांनी मान खाली घातली. "गुरुवारी मी त्याच्यावर बसलो होतो."

"भोपळ्यावर?"

"वजन पेलतो का ते बघायला. मोजणी खात्यातली सवय, मोजल्याशिवाय राहवत नाही. तडा गेला. मेण भरलं, बूट पॉलिश लावलं, पण मला ठाऊक होतं, हात लागला की उकलणार. आता नऊ वर्षं मी गावाला सांगत आलोय की यंदा बघा, यंदा बघा. लोकांना काय सांगू, सासरा भोपळ्यावर बसला म्हणून? त्यापेक्षा जावयाच्या हातून फुटला म्हणजे..." ते थांबले. "तेवढा पुरावा राहावा, म्हणून जतन करत होतो."

काल सकाळी जे वाक्य ऐकून पॉलिशवाला ओल्या सरसावर बसला होता, ते त्यानं मनातल्या मनात पुन्हा उलटून पाहिलं. त्याच्या मागच्या बाजूला मेण होतं.

"म्हणजे विश्वासाचा माणूस वगैरे..."

"तो होताच की," सासरेबुवा घाईनं म्हणाले. "तुमच्या हातून फुटेल याचा मला पूर्ण विश्वास होता."

इस्त्रीवाल्या भोपळ्याचा मालक फिसकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग चुलत भाऊवाला. सासरेबुवा आधी चिडले, मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या आपल्या भोपळ्यावर गेली. ते उठले, त्याच्याभोवती फिरले, हात फिरवला, नाक लावलं.

"जोड कुठंय हो?"

"शोधा."

त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. "नाही सापडत," ते हळूच म्हणाले. "मी बसायच्या आधी होता, त्यापेक्षा चांगला झालाय." मग कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "सरका जरा. भुसा मी चाळतो."

चार वाजता मैदानावरच्या मांडवात तेरा भोपळे ओळीनं मांडले होते. परीक्षक म्हणजे शेतकी महाविद्यालयातले एक वयस्कर प्राध्यापक. ते रूप बघायचे, रंग बघायचे, आणि मग कान जवळ नेऊन बोटाच्या पेरानं टकटक करायचे. भोपळ्याची खरी जात आवाजात कळते, असं त्यांचं शास्त्र होतं.

पहिला भोपळा बोलला, "टक."

प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. दुसरा, "टक." तिसरा, "टक." शिसवी कपाटावर वाजवावं तसा खणखणीत आवाज. स्पर्धक जागच्या जागी घामाघूम झाले. पॉलिशवाल्याच्या डोळ्यांपुढं बारा भोपळ्यांच्या पोटातल्या लाकडी कमानी उभ्या राहिल्या.

बारा भोपळे एका सुरात बोलले. तेराव्याशी, म्हणजे पोस्टमनच्या भोपळ्याशी, प्राध्यापक आले. टकटक केली.

"ढब."

प्राध्यापक दचकले. पुन्हा वाजवलं. "ढब." त्यांनी चष्मा पुसला, बारा भोपळ्यांकडं बघितलं, मग तेराव्याकडं.

"याच्यात काहीतरी बिघाड आहे," ते म्हणाले.

"अहो साहेब, भोपळा असाच वाजतो!" पोस्टमन म्हणाला.

"मग हे बारा जण?"

पोस्टमननं एकेक भोपळा वाजवून पाहिला. टक, टक, टक. मग आपला. ढब. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं आपल्या भोपळ्याकडं संशयानं बघितलं. "रोग दिसतोय," तो खचून म्हणाला आणि स्वतःच बाजूला झाला.

रूप, रंग आणि नाद, तिन्हींत सरस ठरून पहिली ढाल सासरेबुवांना मिळाली. बाकी अकरा जणांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की प्राध्यापकांना खिलाडूवृत्तीवर दोन शब्द बोलावे लागले. सासरेबुवा ढाल छातीशी धरून स्टेजवर उभे होते. डोळ्यांत पाणी, मान ताठ. बायकोनं पॉलिशवाल्याचा हात दाबला. त्यालाही भरून आलं होतं. भोपळ्यात आत काय आहे ते माहीत असूनसुद्धा.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून निवेदकाचा आवाज आला. "मंडळी, जाऊ नका! चहापाण्यानंतर या विजेत्या भोपळ्याची लहानपणापासूनची सगळी चित्रं आपण मोठ्या पडद्यावर बघणार आहोत. आमचे कार्यकर्ते ती सगळ्या ॲपवरून गोळा करतायत. म्हणे कालचं एक फारच गाजतंय!"

सासरेबुवांच्या हातातली ढाल कलली. ते स्टेजवरून उतरले, धावले म्हटलं तरी चालेल, आणि जावयाला दंडाला धरून मांडवामागं घेऊन गेले.

"तो फोटो काढा! आत्ताच्या आत्ता!"

"काढूया की बाबा," पॉलिशवाला म्हणाला. तो अगदी शांत होता. घाई नसलेल्या माणसासारखं त्यानं खिशातून पेन्सिल आणि कागद काढला. "एकेकाला गाठावं लागेल. मला फक्त सांगा, तुम्ही कुणाकुणाकडं ठेवलात?"

सासरेबुवा बोटांवर मोजायला लागले. डावा हात संपला, उजवा हात संपला. त्यांनी ढाल गवतावर ठेवली, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.